वर्तुळासारखे दिसणारे चिनी शून्य: संगणकावर ते अचूक कसे लिहावे आणि कसे ओळखावे

चिनी लेखनात २०२५ हे साल चिनी अंकचिन्हांनी लिहायचे असेल, तर दोन, शून्य, दोन आणि पाच अशी चार चिन्हे ओळीने मांडली जातात. त्यांपैकी शून्याचे चिन्ह म्हणजे एक मोकळे, पूर्ण वर्तुळ. डोळ्यांना ते इतके ओळखीचे वाटते, की नवखा माणूस हाताशी येईल ते कोणतेही वर्तुळ टाइप करून पुढे जातो, आणि छापून पाहिल्यावर त्यात काही चुकल्याचे दिसतही नाही. चूक उघडी पडते ती पुढे कधीतरी, जेव्हा शोध घेऊनही नोंद सापडत नाही, यादीचा क्रम विस्कटतो किंवा एखादा ऑनलाइन अर्ज बरोबर असलेला पत्ताही नाकारतो. याचे कारण असे की संगणक चिन्ह ओळखतो ते त्याच्या क्रमांकावरून. आकाराशी त्याला काही कर्तव्य नसते. हा लेख त्या क्रमांकाविषयी आहे, आणि तो प्रामुख्याने चिनी किंवा जपानी शिकणाऱ्यांसाठी, या भाषांतील मजकूर हाताळणाऱ्या भाषांतरकारांसाठी आणि नव्याने प्रोग्रामिंग करू लागलेल्यांसाठी लिहिला आहे.

दोन गोष्टी आधी स्पष्ट करतो. पहिली अशी की या लेखातील सर्व क्रमांक देवनागरी अंकांत दिले आहेत आणि षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायावरील, पद्धतीत दहा ते पंधरा या किमतींसाठी वापरली जाणारी सहा रोमन अक्षरे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावीत. दुसरी अशी की ज्या चिन्हाविषयी बोलायचे आहे, ते चिन्ह मी इथे छापलेले नाही. ते आपण तिसऱ्या पायरीत स्वतः तयार करावे, कारण दुसऱ्याच्या मजकुरातून उचललेले वर्तुळ नेमके कोणते आहे याची खात्री देता येत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली पायरी: दोन शून्यांपैकी कोणते हवे ते ठरवा

चिनी भाषेत शून्यासाठी दोन लिखित रूपे प्रचलित आहेत आणि दोन्हींचा उच्चार एकच, म्हणजे साधारण ‘लीङ’ असा होतो. एक रूप तेरा फटकाऱ्यांचे, म्हणजे लेखणीच्या तेरा रेघांचे, भरगच्च अक्षर आहे. त्याच्या वरच्या भागात पावसाचे चिन्ह असते, कारण त्याचा मूळ अर्थ तुरळक पडणारा पाऊस, आणि त्यावरून पुढे ‘उरलेसुरले, किरकोळ’ असा होता. दुसरे रूप म्हणजे आपले वर्तुळ.

कोणते कधी वापरावे याविषयी चीनच्या २०११ सालच्या राष्ट्रीय मानकात, म्हणजे जीबी/टी १५८३५ मध्ये, सुटसुटीत नियम आहे. संख्या मोजमाप दाखवत असेल तर शून्यासाठी भरगच्च अक्षर लिहावे आणि संख्या क्रमांक म्हणून आली असेल तर वर्तुळ लिहावे. त्यामुळे ‘दोन हजार पंचवीस माणसे’ असे लिहिताना भरगच्च अक्षर येते, तर ‘सन २०२५’ असे लिहिताना वर्तुळ येते. धनादेशावर मात्र तेरा फटकाऱ्यांचेच अक्षर लागते, कारण तिथे खाडाखोड करून आकडा बदलता येऊ नये म्हणून एकूण सगळेच अंक मुद्दाम गुंतागुंतीच्या रूपात लिहिले जातात.

वर्तुळाचा इतिहास थोडक्यात सांगायचा, तर इ. स. ७१८ मध्ये चीनच्या थाङ राजवटीच्या दरबारातील भारतीय वंशाचे ज्योतिर्विद गौतम सिद्ध यांनी भारतीय अंकपद्धतीची ओळख चिनी भाषेत करून दिली होती आणि तीत शून्यासाठी टिंब होते. चिनी गणितग्रंथांत गोल शून्य दिसते ते १२४७ सालच्या छिन च्यूशाओ यांच्या ग्रंथात. याआधी, सातव्या शतकाच्या अखेरीस, सम्राज्ञी वू झतिएन हिने जी नवी अक्षरे काढली त्यांत ‘तारा’ या अर्थाचे अक्षर वर्तुळच होते. शून्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

दुसरी पायरी: चिन्हाचा पत्ता लक्षात ठेवा

युनिकोड या जागतिक मानकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, त्याला कोड पॉइंट म्हणतात. आपल्या वर्तुळाचा कोड पॉइंट यू+३००७ असा आहे. ही षोडशमान संख्या आहे. नेहमीच्या दशमान पद्धतीत ती १२२९५ होते, कारण तीन गुणिले ४०९६ म्हणजे १२२८८ आणि त्यात सात. युनिकोडमधील त्याचे अधिकृत नाव ‘आयडिओग्राफिक नंबर झीरो’ असे आहे. भरगच्च शून्याक्षराचा कोड पॉइंट यू+९६एफ६ आहे. या दोन क्रमांकांत काहीही नाते नाही, त्यामुळे एक शोधला तर दुसरे सापडणार नाही, हे आताच मनाशी नोंदवून ठेवावे.

नवख्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की बहुतेक नेहमीची चिनी अक्षरे यू+४ई०० ते यू+९एफएफएफ या मोठ्या पट्ट्यात आहेत, पण वर्तुळ त्या पट्ट्यात नाही. ते यू+३००० ते यू+३०३एफ या चिनी-जपानी विरामचिन्हांच्या आणि खुणांच्या छोट्या पट्ट्यात, पूर्णविरामाच्या आणि अवतरणचिन्हांच्या शेजारी बसले आहे. त्याचा माग जपानी मानकात लागतो. जेआयएस एक्स ०२०८ या मानकाच्या खुणांच्या पहिल्या रांगेत आधीचे अक्षर पुन्हा वाचण्याची खूण, पाकिटाच्या किंवा पत्राच्या शेवटी येणारी समाप्तीची खूण आणि हे वर्तुळ ओळीने २५, २६ आणि २७ या घरांत आहेत. युनिकोडमध्येही तीच तीन चिन्हे ३००५, ३००६ आणि ३००७ अशी ओळीने येतात. म्हणजे जपान्यांनी ज्या खणात ठेवले होते त्याच खणासकट ते उचलले गेले. या एका गोष्टीचे परिणाम पुढे सातव्या पायरीत भोगावे लागतात.

तिसरी पायरी: चिन्ह टाइप करा

सर्वांत सरळ मार्ग चिनी इनपुट पद्धतीचा आहे. पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीचा, कीबोर्ड सुरू करून एल, आय, एन, जी ही चार रोमन अक्षरे दाबली की उमेदवार अक्षरांची यादी येते. तीत भरगच्च शून्य साधारणपणे आरंभी असते आणि वर्तुळ काहीसे मागे असते, म्हणून घाईने पहिले अक्षर न निवडता यादी पुढे सरकवून पाहावी.

चिनी कीबोर्ड नसेल तर क्रमांकावरून चिन्ह आणता येते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ३००७ हे चार अंक रोमन अंकांत टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. त्याआधी एक मोकळी जागा सोडलेली बरी, कारण अलीकडे एखादा अंक किंवा ए ते एफ यांपैकी एखादे रोमन अक्षर चिकटून असेल तर वर्ड तेही क्रमांकाचाच भाग समजतो आणि भलतेच चिन्ह समोर येते. लिनक्सवरील अनेक प्रोग्रामांत कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून मग ३००७ टाइप करून एंटर दाबावे. मॅकवर ‘युनिकोड हेक्स इनपुट’ नावाचा कीबोर्ड निवडून, ऑप्शन कळ दाबून धरून तेच चार अंक टाइप करावेत.

चौथी पायरी: आलेले वर्तुळ खरे आहे का ते तपासा

ही पायरी वगळण्याचा मोह होतो, पण माझ्या मते संपूर्ण मार्गदर्शनात हीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण वर्तुळासारखी दिसणारी चिन्हे युनिकोडमध्ये विपुल आहेत आणि त्यांतील बरीच चिनी मजकुरात सहज शिरतात.

सर्वांत फसवे आहे ते भूमितीच्या आकृत्यांमधील पांढरे वर्तुळ, यू+२५सीबी. त्याच्याच पट्ट्यात यू+२५ईएफ हे मोठे वर्तुळ आहे. चिनी पूर्णविराम यू+३००२ हाही वर्तुळच असतो, फक्त लहान आणि चौकटीच्या कोपऱ्यात किंवा मध्यावर बसलेला. रोमन मोठा ओ यू+००४एफ आहे, आणि पूर्वआशियाई रुंदीचा ओ यू+एफएफ२एफ आहे. नेहमीचा इंग्रजी शून्य यू+००३०, त्याचे रुंद रूप यू+एफएफ१०. कोरियन लिपीतील ‘इउङ’ हे व्यंजनचिन्ह, यू+३१४७, तेही गोलच. या मेळ्यात आपले देवनागरी शून्यही आहे, यू+०९६६, आणि मराठी कीबोर्ड चालू असताना चिनी दस्तऐवजात काम करणाऱ्याच्या हातून ते शिरणे अगदी शक्य आहे.

तपासण्यासाठी वर्डमध्ये चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून पुन्हा ऑल्ट आणि एक्स दाबावे. चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो, आणि परत दाबल्यावर चिन्ह परत येते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ऑर्ड या फंक्शनला ते चिन्ह दिले तर उत्तर १२२९५ यायला हवे. ९६७५ आले तर हाती पांढरे वर्तुळ लागले आहे, २४०६ आले तर देवनागरी शून्य. नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा माणूस इथे फसतोच, कारण काही फॉन्टमध्ये यू+३००७ आणि यू+२५सीबी यांतील फरक रेषेच्या जाडीपुरता किंवा व्यासातील किंचित अंतरापुरता उरतो.

पाचवी पायरी: क्रमांकापासून बाइटपर्यंत एकदा हाताने हिशेब करा

फाइलमध्ये कोड पॉइंट जसाच्या तसा जात नाही, तो बाइटांच्या, म्हणजे आठ-आठ बिटांच्या गटांच्या, रूपात जातो, आणि आज बहुतेक ठिकाणी त्यासाठी यूटीएफ-८ ही पद्धत वापरली जाते. एकदा हा हिशेब स्वतः करून पाहिला की पुढे बिघडलेला मजकूर पाहून घाबरायला होत नाही.

३००७ ही षोडशमान संख्या द्विमान, म्हणजे केवळ शून्य आणि एक वापरणाऱ्या, पद्धतीत लिहिली तर ००११ ०००० ०००० ०१११ असे सोळा बिट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये या आकाराच्या संख्येला तीन बाइट लागतात, म्हणून सोळा बिटांचे चार, सहा आणि सहा असे तुकडे पाडायचे: ००११, ०००००० आणि ०००१११. पहिल्या तुकड्याच्या आधी १११० हा उपसर्ग लावायचा आणि पुढच्या दोहोंच्या आधी १० लावायचा. मिळालेल्या तीन बाइट अशा: १११०००११, १००००००० आणि १००००१११. त्यांनाच षोडशमान पद्धतीत ई३ ८० ८७ असे लिहितात. तुलनेसाठी, पांढऱ्या वर्तुळाच्या बाइट ई२ ९७ ८बी आहेत आणि देवनागरी शून्याच्या ई० ए५ ए६. संगणकाला या तिघांत कोणतेही साम्य का दिसत नाही, हे यावरून समजावे.

आता बिघाडाकडे पाहू. यूटीएफ-८ मधील फाइल एखाद्या प्रोग्रामने पश्चिम युरोपीय विंडोज-१२५२ पद्धतीने वाचली, तर ई३ च्या जागी वर नागमोडी रेघ असलेला लहान ए, ८० च्या जागी युरो चलनाची खूण आणि ८७ च्या जागी दुहेरी खंजिराची खूण दिसते. मजकुरात ही तिन्ही चिन्हे या क्रमाने दिसली, तर तिथे मुळात आपले वर्तुळ होते असे खुशाल समजावे. मूळ बाइट शाबूत असतात, फक्त वाचन चुकलेले असते. तीच फाइल चीनमधील जुन्या जीबीके पद्धतीने वाचली तर मात्र पहिल्या दोन बाइट मिळून एक वेगळेच चिनी अक्षर होते आणि तिसरी बाइट पुढच्या अक्षराची पहिली बाइट गिळते, त्यामुळे शेजारचे अक्षरही बिघडते. अशा अवस्थेत फाइल पुन्हा जतन केली तर नुकसान कायमचे होऊ शकते, म्हणून बिघाड दिसताच जतन न करता फाइल बंद करावी आणि योग्य पद्धत सांगून पुन्हा उघडावी. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिकने उघडताना हा प्रकार वारंवार घडतो. तिथे माहिती आयात करण्याच्या मार्गाने जाऊन यूटीएफ-८ निवडलेले बरे.

यूटीएफ-१६ पद्धतीत हे चिन्ह दोनच बाइट घेते, ३० आणि ०७. यांतील ३० ही बाइट म्हणजे योगायोगाने इंग्रजी शून्याचाच जुना संकेत आहे. गंमत म्हणून ठीक, पण त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. लांबीच्या बाबतीत इतके ध्यानात ठेवावे की हे चिन्ह मोजणीत एक धरले जाते, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि टर्मिनलच्या पडद्यावर दोन रकाने व्यापते. तीन ठिकाणी तीन वेगळी मापे असल्यामुळे रकाने जुळवताना कोणते माप वापरले आहे ते आधी ठरवावे लागते.

सहावी पायरी: जुन्या फाइलींतील तोतया वर्तुळ ओळखा

चीनच्या १९८० सालच्या जीबी २३१२ या मानकात ६७६३ चिनी अक्षरे होती, पण हे वर्तुळाकार शून्य नव्हते. पांढरे वर्तुळ मात्र खुणांच्या रांगेत होते. साहजिकच त्या काळात संगणकावर काम करणाऱ्यांनी सालातील शून्यासाठी पांढरे वर्तुळ वापरले, आणि त्याला इलाजही नव्हता. पुढे आलेल्या जीबीके या विस्तारात खऱ्या शून्याला ए९ ९६ ही जागा मिळाली, पण तोवर सवय पडून गेली होती. तैवानमधील मूळ बिग-फाइव्ह संकेतातही हे चिन्ह नव्हते. ते नंतरच्या विस्तारांतून आले. जपानी शिफ्ट-जेआयएस मध्ये ते पहिल्यापासून ८१ ५ए या जागी आहे, त्यामुळे जपानी फाइलींत हा प्रश्न तुलनेने कमी, तरीही पूर्णपणे नाहीसा झालेला नाही.

जुना मजकूर आधुनिक पद्धतीत आणताना संकेत बदलणारा प्रोग्राम पांढऱ्या वर्तुळाचे पांढरे वर्तुळच करणार, आणि ते योग्यच आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. दुरुस्ती आपल्याला वेगळी करावी लागते, आणि ती करताना सरसकट सगळी वर्तुळे बदलण्याची चूक टाळावी. चिनी आणि जपानी लेखनात नाव किंवा माहिती मुद्दाम रिकामी ठेवायची असली की दोन वर्तुळे लिहितात, आपण ‘अमुक तमुक’ म्हणतो तसे, आणि जपानमध्ये वर्तुळ ही उत्तर बरोबर असल्याची खूणही आहे. म्हणून नियम असा ठेवावा की सलग आलेल्या एक किंवा अधिक वर्तुळांच्या अलीकडे चिनी अंकचिन्ह असेल आणि पलीकडे दुसरे अंकचिन्ह किंवा ‘साल’, ‘क्रमांक’ अशा अर्थाचे अक्षर असेल, तरच ते शून्य समजून यू+३००७ करावे. पलीकडची अट घातली नाही तर यादीतील खुणाही बदलल्या जातात; उलट पलीकडे केवळ अंकच हवा असा हट्ट धरला, तर ‘१९९० साल’ यासारख्या शून्याने संपणाऱ्या सालातील वर्तुळ सुटते. बदल करण्यापूर्वी आणि केल्यानंतर दोन्ही चिन्हांची संख्या मोजून लिहून ठेवावी.

सातवी पायरी: प्रोग्रामला हे चिन्ह कसे दिसते ते समजून घ्या

देवनागरी अंकांची सवय असलेल्या माणसाला इथे सर्वांत मोठा धक्का बसतो. देवनागरीतील शून्य ते नऊ हे दहा अंक यू+०९६६ ते यू+०९६एफ असे एका रांगेत, क्रमाने आहेत आणि युनिकोडने त्यांना ‘दशमान अंक’ या वर्गात घातले आहे. त्यामुळे पायथनमध्ये इंट या फंक्शनला देवनागरीत लिहिलेले १२ दिले तरी ते निमूटपणे बारा ही संख्या परत देते. चिनी वर्तुळ मात्र ‘अक्षररूपी संख्या’ या वर्गात आहे. त्याची किंमत शून्य आहे ही नोंद युनिकोडच्या माहितीसाठ्यात आहे, पण ते दशमान अंक मानले जात नाही. परिणामी पायथनमध्ये इझन्यूमेरिक ही तपासणी होकार देते, इझडिजिट आणि इझडेसिमल नकार देतात आणि इंट चूक दाखवून थांबते. किंमत हवी असेल तर युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील न्यूमेरिक हे फंक्शन वापरावे. ते शून्य परत देते. एक गमतीचा भाग असा की या वर्गातील चिन्हांनी पायथनमधील व्हेरिएबलचे नाव सुरू करता येते, म्हणजे नुसत्या वर्तुळाच्या नावाचा व्हेरिएबलही वैध ठरतो. तसे करू नये, हे सांगायला नको.

एक ते नऊ या चिनी अंकांची गत आणखी वेगळी आहे. ती साधी चिनी अक्षरे म्हणून नोंदवलेली आहेत आणि त्यांचे क्रमांक अक्षरांच्या घडणीनुसार विखुरलेले आहेत: एक ४ई००, दोन ४ई८सी, तीन ४ई०९, चार ५६डीबी, पाच ४ई९४, सहा ५१६डी, सात ४ई०३, आठ ५१६बी आणि नऊ ४ई५डी. देवनागरीत एखाद्या अंकाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की किंमत हाती येते. ही युक्ती इथे पूर्णपणे निकामी ठरते. केवळ कोड पॉइंटच्या क्रमाने यादी लावली तर अंक शून्य, एक, सात, तीन, नऊ, दोन, पाच, आठ, सहा, चार अशा क्रमाने येतात. म्हणून दहा चिन्हांचा आणि त्यांच्या किमतींचा एक छोटा तक्ता हाताने तयार करून प्रोग्राममध्ये ठेवावा, आणि क्रम लावायचा असेल तेव्हा आधी किंमत काढून मग क्रम लावावा. तक्त्यात भरगच्च शून्यही शून्य किमतीने घालावे.

चिनी अक्षरांची तपासणी करणाऱ्या सूत्रांत हा पट्ट्याचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. ‘हे चिनी अक्षर आहे का’ असे विचारण्यासाठी कित्येक प्रोग्रामर यू+४ई०० ते यू+९एफए५ एवढाच पट्टा तपासतात. वर्तुळ त्याच्या बाहेर असल्यामुळे ज्या नावात, पत्त्यात किंवा सालात ते असेल ती नोंद अवैध ठरते. मजकुरातील साचे शोधणाऱ्या नियमित राशीत, म्हणजे रेजेक्समध्ये, उलटा स्लॅश आणि लहान डी ही अंकांची खूणही उपयोगी पडत नाही: जावास्क्रिप्टमध्ये ती केवळ इंग्रजी अंक पकडते, पायथनमध्ये देवनागरी अंकही पकडते, पण चिनी वर्तुळ दोन्हीकडे निसटते. जिथे सोय आहे तिथे लिपीच्या गुणधर्मावर आधारित तपासणी करावी, कारण युनिकोडने या चिन्हाची लिपी ‘हान’, म्हणजे चिनी, अशीच नोंदवली आहे आणि त्या तपासणीत ते बरोबर सापडते.

आठवी पायरी: वेब पानावर चिन्ह वापरा

एचटीएमएलमध्ये चिन्ह थेट लिहावे आणि पानाच्या शीर्षभागात यूटीएफ-८ जाहीर करावे, हे उत्तम. थेट लिहिणे शक्य नसेल तर अँपरसँड, हॅश, १२२९५ आणि अर्धविराम हा संदर्भ चालतो. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या यादीशैलींत ‘सीजेके-डेसिमल’ ही शैली शून्यासाठी आपले वर्तुळ वापरते, तर ‘सिम्प-चायनीज-इन्फॉर्मल’ ही शैली भरगच्च अक्षर वापरते. पहिल्या पायरीतील भेद इथेही पाळला गेलेला दिसतो. जावास्क्रिप्टमध्ये संख्येचे चिनी अंकांत रूपांतर स्वतः लिहीत बसण्याऐवजी ‘हॅनिडेक’ ही अंकपद्धती मागावी, ती वर्तुळासह दहाही चिन्हे बरोबर देते.

डोमेन नावांच्या बाबतीत या चिन्हाला खास वागणूक मिळाली आहे. २०१० सालच्या आरएफसी ५८९२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातील सर्वसाधारण नियमांनुसार ‘अक्षररूपी संख्या’ या वर्गातील चिन्हे डोमेन नावात चालत नाहीत, पण अपवादांच्या यादीत ज्या मोजक्या चिन्हांना परवानगी दिली आहे, त्यांत यू+३००७ आहे.

नववी पायरी: सुचौ अंकांशी गाठ पडली तर

हाँगकाँगमधील जुन्या बाजारांत आणि चहाच्या दुकानांत किमती लिहिण्यासाठी व्यापाऱ्यांची एक वेगळी अंकलेखनाची रीत अजून अधूनमधून दिसते, तिला सुचौ अंक म्हणतात. तिचे एक ते नऊ हे अंक यू+३०२१ ते यू+३०२९ या जागी आहेत आणि शून्यासाठी तिच्यातही आपले यू+३००७ हेच वर्तुळ वापरले जाते. युनिकोडमध्ये या अंकांची नावे ‘हांगचौ’ अशी चुकीच्या शहरावरून पडली. चूक मान्य झाली, चिन्हतक्त्यात तशी टीपही आहे, परंतु एकदा दिलेले नाव बदलायचे नाही हा युनिकोडचा नियम असल्याने नाव तसेच राहिले. शोधताना म्हणूनच ‘सुचौ’ या नावाने ती चिन्हे चिन्हयादीत सापडत नाहीत. ‘हांगचौ’ असे शोधावे.

लिहिताना एक काळजी घ्यावी लागते. या रीतीत एक, दोन आणि तीन हे उभ्या रेघांनी लिहितात, पण ते शेजारी शेजारी आले तर रेघा एकमेकींत मिसळून वाचनात घोटाळा होतो, म्हणून एकाआड एक अंक आडव्या रेघांनी लिहितात. आडव्या रेघांचे हे अंक म्हणजे नेहमीचीच चिनी अक्षरे असल्याने त्यांचे क्रमांक ४ई००, ४ई८सी आणि ४ई०९ असतात. एकाच किमतीत अशा प्रकारे दोन वेगळ्या पट्ट्यांतील चिन्हे येतात, त्यामुळे सातव्या पायरीतील तक्त्यात उभे आणि आडवे असे दोन्ही प्रकार घालावे लागतात.

दहा, वीस आणि तीस यांची सुचौ रूपे यू+३०३८, यू+३०३९ आणि यू+३०३ए येथे आहेत. ती १९९९ सालच्या युनिकोड ३.० मध्ये आली. या तिघांना युनिकोडने नेहमीच्या चिनी अक्षरांशी जोडून ठेवले आहे. एनएफकेसी नावाची सामान्यीकरणाची, म्हणजे एकाच चिन्हाची वेगळी रूपे एका रूपात आणण्याची, प्रक्रिया चालवली, की ती अनुक्रमे ५३४१, ५३४४ आणि ५३४५ या अक्षरांत बदलतात आणि मूळ रूप परत मिळवता येत नाही. एक ते नऊ यांना आणि वर्तुळाकार शून्याला अशी जोड नसल्यामुळे ते त्या प्रक्रियेतून जसेच्या तसे बाहेर येतात. जुन्या दुकानांच्या पाट्यांची किंवा हिशेबवह्यांची नोंद करताना मूळ मजकूर सामान्यीकरण न करता एका रकान्यात ठेवावा आणि शोधासाठी सामान्यीकृत प्रत दुसऱ्या रकान्यात ठेवावी.